तीस फेब्रुवारीचा पाऊस

सोनाळा, ता. संग्रामपूर
पाडव्यानंतरचा दुसरा बुधवार
(तारीख मुद्दाम लिहिलेली नाही. का, ते पुढे येईल.)

प्रिय अजीजुन्निसा हिला पुष्पांजलीचा नमस्कार, आणि ईद होऊन गेली असली तरी मुबारक. यंदा तुमची ईद आणि आमचा पाडवा एकाच आठवड्यात आले, म्हणजे तुझा शीरखुर्मा इकडे आणि आमच्या पुरणपोळ्या तिकडे एकाच डब्यातून जायला हव्या होत्या. त्या का आल्या नाहीत त्याचेच हे पत्र आहे. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम तू करत नसशील हे मी गृहीत धरते. नजीरभाईंची साखर आटोक्यात असेल अशी आशा करते (ईदनंतर अशी आशा करण्यात अर्थ नसतो, तरीही). यापुढे 'आमच्याकडे सर्व खुशाल' असे लिहायची पद्धत आहे. सर्व खुशाल आहेत. घाबरलेली आहे ती फक्त मी. ज्या बाईला पाहून निम्मा तालुका अजून शर्टाचे वरचे बटण लावतो, ती बाई सध्या आभाळात कापसाच्या बोंडाएवढा ढग दिसला तरी आत येऊन कडी लावते, हे मी तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला लिहिणार नाही.

फोन का केला नाही, असे तुझ्या मनात आले असेल. फोन पूनमने काढून घेतला आहे. पूनम म्हणजे माझ्या भावाची, पंजाबरावाची मुलगी, हे तुला सांगायला नको. आणि तिचे लग्न तुमच्या शेगावच्या गोविंदाशी ठरले, हेही नको, कारण तुझ्या हाताखाली फिजिक्स शिकलेला हा मुलगा चांगला आहे, असे तूच आम्हाला सांगितले होतेस. लग्न सत्तावीस एप्रिलला, सोमवारी. त्या दिवशी एकादशी आहे. पण पुढे मे महिन्याच्या मध्यापासून अधिक महिना लागतो, धोंड्याच्या महिन्यात लग्ने होत नाहीत, आणि त्याआधीच्या चांगल्या तारखांना आचारी मिळेना, म्हणून एकादशी तर एकादशी. (गोविंदाची आई शालूबाई स्वतः एकादशी करतात. म्हणजे वरमाईसाठी साबुदाण्याचे पातेले वेगळे. तेही मान्य केले.) मंडप तुमच्या नजीरभाईंचा, आमच्या नदीकाठच्या वावरात. तेथे सावली आहे, गाड्या लावायला जागा आहे. आणि नदी आहे.

तीन वर्षांपूर्वीच्या जुलैत ती नदी आमच्या घरात आली होती, हे तुला ठाऊक आहे. पण कशी आली ते मी तुला कधी नीट सांगितले नाही. मला वाटत असे की पूर येताना गर्जना करत येत असेल. तसे नसते. पाणी घरात शिरताना आवाजच करत नाही. आधी उंबऱ्याजवळच्या चपला तरंगल्या, आणि मी पूनमवर ओरडले की चपला घरभर कोणी फिरवल्या. मग आम्ही दोघी गच्चीवर. समोरून कुणाचे तरी कडब्याचे बुचाड जसेच्या तसे, वर बसलेल्या कोंबडीसह, शांतपणे गेले. पूनमने माझा हात धरला होता की मी तिचा, यावर आमच्यात अजून वाद आहे. तेव्हापासून मी पावसाळ्यात चपला घरात ठेवते, उंच फळीवर. हसू नकोस.

आता शेखर. पंजाबरावाचा मोठा मुलगा, पुण्याला हवामानाच्या संशोधनात आहे. संक्रांतीला आला तेव्हा आपल्या कामाची एक फाईल माझ्या संगणकावर ठेवून गेला. मी विचारले, हे काय? तो म्हणाला, "आपल्या भागातला पाऊस हाय आत्या, पण तू उघडू नको, तुले त्रास होईन." तूच सांग, गणितात बी.एस्सी. झालेल्या बाईला असे कोणी सांगावे का? पाडव्याच्या आदल्या दिवशी पुरण शिजत ठेवून मी ती उघडली. मला जगाच्या हवामानाशी काही देणेघेणे नव्हते. लग्नाच्या दिवशी आभाळ स्वच्छ आहे, एवढे एकदा डोळ्यांनी पाहायचे आणि पुरण वाटायला घ्यायचे, इतकाच माझा हेतू होता.

फाईलमध्ये दोन रकाने होते. एकात पाऊस, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्यात 'वेळ' असे लिहून खाली नुसते मोठे मोठे आकडे. वरती चार ओळी इंग्रजी मजकूर होता. त्या ओळींमुळे रकाने नीट लावता येईनात, म्हणून मी त्या कापून टाकल्या. (जन्मभर शाळेत मी मुलांना हेच सांगत आले की प्रस्तावना नको, उत्तर लिही.) मग आकड्यांचा रकाना निवडून संगणकाला म्हटले, तारखा दाखव. त्याने लगेच दाखवल्या. या यंत्राचा हा एक मोठा दोष आहे, अजीजुन्निसा, की त्याला 'मला ठाऊक नाही' असे म्हणता येत नाही. वर्गातला मठ्ठ मुलगासुद्धा निदान खाली मान घालतो. याने शेचाळीस हजार एकशे एकोणचाळीस या आकड्याची तारीख केली सत्तावीस एप्रिल दोन हजार सव्वीस. आणि त्या तारखेसमोरचा पाऊस पाहून मी चष्मा पुसला. पुढे-मागे सगळी शून्ये, आणि बरोबर त्या दिवशी आपल्याकडे पोळ्यालासुद्धा पडत नाही एवढा पाऊस. मी पुन्हा पाहिले. उजेडाकडे स्क्रीन वळवून पाहिले. मग पुरण लागल्याचा वास आला. डबा का आला नाही ते तुला आता कळले असेल.

तरी मी घाई केली नाही. म्हटले, एका ओळीवर विश्वास ठेवू नये, पुढचे महिने पाहावे. पुढचे महिने पाहिले आणि उरलासुरला धीर गेला. मृगात थेंब नाही. आर्द्रा कोरडी. पाऊस सुरू होतो तो जुलै सरताना, आणि मग थांबतच नाही. गणपती पाण्यात, दसरा पाण्यात, दिवाळीत धो धो, थेट कार्तिकी होऊन जाईपर्यंत. ऋतूच जागेवरून सरकले होते. वर्तमानपत्रात हवामान बदलाविषयी रोज येते, ते मी मान डोलावून वाचत असे. पण तो बदल माझ्या टेबलावर, माझ्या भाचीच्या मंडपावर असा येऊन बसेल असे वाटले नव्हते. (आकड्यांत दसऱ्याची आपट्याची पाने भिजलेली दिसत नव्हती एवढेच. बाकी सगळे मला दिसत होते.)

मी पंजाबरावाला सांगितले. तो ओट्यावर उन्हामुळे उपरणे ओले करून डोक्यावर घेऊन बसला होता. म्हणाला, "ताई, इथं विहिरीत पानी नाही अन् तू आभाळातलं सांगून राह्यली! तुले ऊन लागलं काय?" मी म्हटले, मंडप नदीकाठी नको, शाळेच्या टेकाडावर घाल. तो म्हणाला, टेकाडावर कडुलिंबाचे एक झाड आहे, त्याखाली पाचशे माणूस बसवून दाखव. मग मी त्याच्याशी बोलणे सोडले आणि कामाला लागले. गव्हाची पोती माळ्यावर चढवली. बस्त्याच्या साड्या खताच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून, तोंडे बांधून, छताच्या कड्यांना टांगल्या. बाहेर पारा चव्वेचाळिसाकडे निघालेला, आणि आमच्या घरात पुराची तयारी. शेजारच्या बाया बघायला येऊ लागल्या. एकीने विचारले, "काहो बाई, वटवाघळं पाळली काय?" पूनमचा शालू अजून युरियाचा वास मारतो. तिने तो हुंगला, माझ्याकडे पाहिले आणि परत कड्याला टांगला. माझ्या घराण्यात मुली भांडल्या नाहीत की प्रकरण गंभीर असते.

एवढ्यावर थांबले असते तर हे पत्र लिहावे लागले नसते. पण भीतीचे असे असते की ती आपल्यापुरती ठेवता येत नाही. एकटीला ती जड जाते. मी शालूबाईंना फोन केला. अतिशय सभ्य भाषेत सांगितले की सत्तावीस तारखेला काही अडचण येण्याचा संभव आहे, तरी लग्न पुढे ढकलावे. त्यांनी विचारले, कधी? मी फाईल पाहत होते. मे महिन्यात धोंडा. जून, जुलै तसे कोरडे होते, पण तेव्हा शालूबाईंची पेरणी. पुढे दिवाळीपर्यंत पाणीच पाणी. मी म्हटले, डिसेंबर. मग त्या म्हणाल्या, "पुष्पाताई, आडून आडून काऊन बोलता जी? पोरीच्या मनात दुसरं काही असंन तर सरळ सांगा ना. आम्ही काही राग नाही मानणार." तो शेवटचा 'नाही मानणार' ज्या आवाजात आला, त्या आवाजाने शेगावचे सगळे दिवे मंद झाले असतील. मी म्हटले, अहो, पोरीच्या मनात काही नाही, पावसाच्या मनात आहे. त्या म्हणाल्या, "एप्रिलात?" मी म्हटले, हो, माझ्याकडे आकडा आहे. त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी गोविंदाचा पूनमला फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पंजाबरावाला त्यांच्या कुण्या नातेवाइकाने बाजारात गाठून विचारले की सोयरीक मोडली म्हणतात, ते खरे काय? तो घरी आला तेव्हा त्याचा चेहरा मला पाहवेना. माझा भाऊ तापट आहे, ओरडला असता तर मी त्याच्याहून मोठ्याने ओरडले असते. तो नुसता टोपी काढून बसला. पूनम आतून आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आत्या, मी भिजत भिजत लगन लावीन. वाहून गेली त वाहून जाईन. पण तू तो फोन मले दे." मी दिला. तुला खरे सांगते, नदी घरात आली त्या दिवशीही मी एवढी घाबरले नव्हते. त्या दिवशी निदान पाणी माझ्यामुळे आलेले नव्हते.

त्याच फोनवरून तिने शेखरचा नंबर लावला आणि फोन माझ्या कानाला लावला, हातात दिला नाही. शेखरने सगळे ऐकून घेतले. एवढेच विचारले, "आत्या, वरच्या चार ओळी कुठं हायेत?" मी म्हटले, कापल्या. तो म्हणाला, "काऊन?" मी म्हटले, प्रस्तावना होती. तो म्हणाला, "आत्या, सगळं त्याच्यातच लिहिलं होतं."

आपले फिजिक्सचे सर काय म्हणत ते तुला आठवते का? एकक नसलेला आकडा म्हणजे नाव-गाव न सांगता पंगतीत बसलेला पाहुणा. जेवून जातो आणि कुणाकडून आला होता ते कळत नाही. त्या चार ओळींत त्या पाहुण्याचे गाव लिहिलेले होते. वेळेच्या रकान्यातला आकडा म्हणजे अमुक दिवसापासून किती दिवस झाले, एवढेच असते. आणि तो अमुक दिवस ज्याच्या त्याच्या फाईलचा वेगळा. माझा संगणक न विचारता १९०० सालापासून मोजतो. शेखरची फाईल १८५० पासून मोजत होती. १८५० साली आपला वऱ्हाड निजामाकडे होता, तेव्हापासून कशाला मोजायचे, असे मी विचारले, तर म्हणे, "कुठून तरी मोजाच लागते ना आत्या." बरे, पन्नास वर्षांचा फरक मी समजू शकते. पण खरी गंमत पुढेच आहे. त्या फाईलमधल्या वर्षाचे दिवस तीनशे साठ. प्रत्येक महिना तिसाचा. एकतीस नाही, अठ्ठावीस नाही, लीप वर्ष नाही. हिशेब सोपा जावा म्हणून काही शास्त्रज्ञ आपल्या गणिती जगात असे वर्ष चालवतात, आणि तसे ते वर स्पष्ट लिहून ठेवतात. म्हणजे मी कापेन म्हणून.

मी त्याला म्हटले, तू थांब, मी स्वतः करते. पाठकोऱ्या कागदावर भागाकार केला. बेरीज-वजाबाकीत मला अजून कोणी हरवू शकत नाही. शेचाळीस हजार एकशे एकोणचाळीस भागिले तीनशे साठ. भागाकार एकशे अठ्ठावीस, बाकी एकोणसाठ. म्हणजे साल १९७८, आणि त्या वर्षाचे एकोणसाठ दिवस संपून साठावा. जानेवारीचे तीस गेले. उरला तिसावा दिवस. मी उत्तर लिहिले आणि त्याच्याकडे पाहत राहिले. तीस फेब्रुवारी, एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर.

त्या साली आपण दोघी कॉलेजात होतो. तीस फेब्रुवारीला काय करत होतो ते आठवून बघ. मी पाच मिनिटे आठवत होते, मग लक्षात आले.

शेखर म्हणाला की ते एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरसुद्धा आपले नव्हेच. यंत्रात एक पृथ्वी बसवलेली असते, तिच्यात हवा, समुद्र, ऊन घालून ती फिरवतात, आणि तिचे ऋतू साधारण आपल्यासारखे चालतात का एवढेच पाहतात. तिच्या अमुक दिवशीचा पाऊस आपल्या अमुक दिवशी पडतो असे कुणी म्हणतच नाही. ऋतू जागेवरून सरकलेले दिसले तेही याचमुळे: तिच्यातला पाऊस वेळेवर जूनमध्येच आला होता, मी त्याला दोन महिने पुढे, दिवाळीपर्यंत ओढत नेले. थोडक्यात, जो दिवस कधी उगवला नाही, त्या दिवशी, जी पृथ्वी कुठे नाही, तिच्यावर पडलेला पाऊस मी माझ्या भाचीच्या मंडपात सोडला. एवढे कर्तृत्व आपल्या बॅचमध्ये दुसऱ्या कुणी दाखवले असेल असे वाटत नाही.

आता भीती जाईल असे मला वाटले होते. ती गेली नाही, अजीजुन्निसा. तिला फक्त पत्ता उरला नाही. सत्तावीस एप्रिलपुरती होती तोवर मी तिच्यासाठी पिशव्या बांधत होते; आता ती मोकळी फिरते. आमच्या महिन्यातही तिथी तीसच, वर्षाच्या तीनशे साठच, पण आम्ही तीन वर्षांनी अधिक महिना घालून सूर्याशी हिशेब मिटवतो. तुम्ही मिटवत नाही, म्हणून तुमचा रमजान सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. पण तुम्ही निदान गच्चीवर जाऊन चंद्राला विचारता. ही फाईल सूर्याला विचारत नाही आणि चंद्रालाही नाही. जो दिवस कुठल्याच कॅलेंडरात नाही, तो कधी येईल याचा नेम काय? म्हणूनच या पत्रावर तारीख घातली नाही; तारखांवरचा माझा विश्वासच उडाला आहे. काल दुपारी सातपुड्यावर एक ढग होता. पंजाबराव म्हणाला, धूर आहे, कुणी तरी धुऱ्यावरचे, बांधावरचे गवत पेटवले. असेल. मी चपला फळीवर ठेवल्या.

वडीलधाऱ्यांस नमस्कार लिहिला असता, पण आपल्याहून वडील आता उरले कोण? मुलांना आशीर्वाद. नजीरभाईंना सलाम सांग आणि जिलबी खाऊ देऊ नकोस.

तुझी,
पुष्पांजली

ता. क. – हे पत्र सहज लिहिले, काही काम नव्हते. पण हे वाचून झाले की चप्पल घाल आणि शालूबाईंकडे जा. दोनच गल्ल्या आहेत, गुडघ्याला व्यायामही होईल. त्या तुझे ऐकतात. त्यांचा मुलगा तुझ्या हातून पास झाला आहे. त्यांना सांग की पूनमच्या मनात गोविंदाच आहे, ती पाच दिवस धड जेवलेली नाही, लग्न ठरल्या दिवशी, ठरल्या जागी आहे. तीस फेब्रुवारीविषयी एक अक्षर काढू नकोस. त्यांना वाटेल मुलीच्या आत्याचे डोके फिरले आणि ते घराण्यात असेल. त्यापेक्षा माझे ब्लडप्रेशर वाढले होते असे सांग. ते खोटे नाही.

ता. क. दुसरा – मंडप नजीरभाईंचाच आहे, तेव्हा त्यांना सांग की वरून कापडाऐवजी ताडपत्री घालावी. जाड. पंजाबरावाने विचारले तर म्हणावे, उन्हासाठी आहे. आणि खांब जरा उंच, नदीकडच्या बाजूला जास्त. हेही उन्हासाठी.

ता. क. तिसरा – गुरुवारी शेगावला दर्शनाला येणाऱ्या माणसाच्या हाती हे पाकीट देत आहे, त्यात एक पेन ड्राइव्ह शिवलेला आहे. शेखरने मला समजावे म्हणून नवी फाईल पाठवली. वरच्या चारही ओळी शाबूत, तारखा आपल्या नेहमीच्या कॅलेंडरच्या, आणि यंदाचे साल धरून. हीसुद्धा त्या यंत्रातल्याच पृथ्वीची आहे, तिच्यावरून आपला एखादा दिवस सांगता येत नाही, हे त्याने मला तीनदा बजावले आहे आणि मला ते पूर्ण पटले आहे. मी ती उघडलेली नाही. तू उघड. फक्त सत्तावीस एप्रिल बघ. जे दिसेल ते मला कळवू नकोस, पत्राने नको, पूनमच्या फोनवर तर मुळीच नको. मात्र लग्नाला आदल्या दिवशीच ये, आणि आकडा वाईट असेल तरच येताना छत्री आण. एरवी ऊन कितीही असले तरी डोक्यावर ओढणीच घे. मी फाट्यावर उभी असेन, लांबूनच बघेन.